चमचाभर विरजण

ऊन कललं तशी हौसाक्कानं वाटी उचलली. समोर गावातली नवी डॉक्टर शलाका आरोग्य पाहणीचा फॉर्म भरत बसली होती. वय त्र्याण्णव, रक्तदाब उत्तम.

"निघालात कुठं, अक्का?"

"अनुसयेकडनं विरजण आणती. दिवं लागल्यावर दही देत न्हाईत कुणी."

पण फडताळात घट्ट दह्याचं गाडगं शलाकानं मघाशीच पाहिलं होतं. तिनं 'विसराळूपणा'पुढं खूण केली आणि सोबतीला निघाली.

अनुसयेचं घर चढावर. काठी टेकत म्हातारी झपाझप चालली. धाप लागली ती शलाकाला. अनुसयेनं हसून वाटीत चमचाभर दही घातलं.

परतताना अक्का म्हणाली, "दही माझ्याकडं बी हाय की. पर हिचा मालक गेला आन् ही हातरूणच सोडंना. आता मी मागाय येणार म्हणून उठती, दूध तापवती, दही लावती. चार घास पोटात जात्यात." मग थांबून तिनं विचारलं, "पोरी, तू एकलीच ऱ्हातीस. रातीला काय खातीस?"

"बिस्किटं," शलाका ओशाळून म्हणाली.

घरी येऊन तिनं फॉर्मवरची ती खूण खोडली. 'दीर्घायुष्याचं कारण' या रकान्यात मावेल असं मात्र काही सुचेना.

दुसऱ्या दिवशी ऊन कललं आणि शलाकाच्या खोलीचं दार वाजलं. दारात हौसाक्का, हातात रिकामी वाटी.

"पोरी, वाईच विरजण हाय का गं?"

"उद्या या, अक्का," शलाका म्हणाली आणि पातेलं घेऊन दुधाला निघाली.