धरणकाठची चूल

पाणी टेकाडाच्या पायथ्याला लागलं. वाळवंटातल्या या धरणाचे दरवाजे यंत्रमेंदू चालवायचा. तो आकाशातून चुलींची ऊब शोधायचा. चूल पेटलेली दिसली की ती वस्ती, तिथे पाणी चढवायचं नाही. नुसत्या शेकोटीला तो फसत नसे, सर्वेक्षणात नोंदलेलीच चूल लागे.

"इथे आठ हजार वर्षांपूर्वी माणसं राहत होती," उत्खनन करणारी यामिनी सोहोनी फोनवर पुन्हा ओरडली.

"वस्ती आढळली नाही," यंत्रमेंदू अदबीने म्हणाला.

तिने फोन वाळूत टाकला. समोर टेकाडावर अश्मयुगातली चूल होती. तीन काळवंडलेले दगड, मध्ये राख, भोवती गारगोटीची पाती. सर्वेक्षणात सापडलेल्या बाकीच्या चुली केव्हाच बुडाल्या होत्या. यामिनी त्या दगडांमध्ये काटक्या रचू लागली, तसे तुळपुळे सर धावत आले. जुन्या राखेजवळ काडीसुद्धा ओढायची नाही, ताजा कोळसा मिसळला की तिचं वय कायमचं हरवतं, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"अगं, वेड लागलंय का? काळ कसा ठरवणार आता?"

"नाही ठरवणार, सर. बुडालेल्या चुलीचं वय घेऊन काय करू?"

तिने काडी ओढली. काटक्यांनी जाळ धरला. थोड्या वेळाने पाणी चढायचं थांबलं आणि वाळूतला फोन बोलला, "नवीन वस्ती आढळली. केव्हापासून राहता?"

यामिनीने वाकून फुंकर घातली.

"जुनीच आहे, मेल्या. मध्ये जरा जाळ विझला होता."