सव्वीस तास

उपकेंद्राच्या खोलीत तिघे बसले होते: यंत्रचालक, अभियंता बाई आणि यंत्रचालकाच्या मित्राची बायको, वहिनी. टेबलावर एका बाजूला निळ्या पुठ्ठ्याची नोंदवही होती, दुसऱ्या बाजूला नोंदयंत्रातून निघालेली कागदाची लांब गुंडाळी; आणि दोन्हींचे एकमेकींशी काडीचेही जुळत नव्हते. भिंतीपलीकडचे रोहित्र आपल्या एकसुरी घुमण्यात गढून गेले होते.

नोंदवहीप्रमाणे वहिनीच्या घराच्या लाइनवरची वीज वर्षभरात एकेचाळीस वेळा गेली होती. नोंदयंत्राप्रमाणे एकदाही नाही.

"यंत्राला खोटं बोलून काय मिळणार?" वहिनी म्हणाली.

"आणि मला काय मिळणार?" उपकेंद्राचा यंत्रचालक उसळला. "वीज गेली की मी वेळ लिहितो, आली की वेळ लिहितो. बारा वर्षं हेच करतोय."

"तुमचा डोळा लागला, भाऊजी, की तुम्हाला सगळ्या गावात अंधार दिसतो."

अभियंता बाईंना हसू आले. पण ते ओठांपर्यंत येऊन थांबले. वहिनीचा नवरा याच उपकेंद्रात लाइनमन होता. खांबावरून पडला तेव्हापासून मानेखाली त्याचे शरीर त्याचे राहिले नव्हते. सात महिने तो इस्पितळात, व्हेंटिलेटरच्या श्वासावर होता. डॉक्टर त्याला घरी सोडायला तयार होते, एका अटीवर: घराची वीज वर्षाकाठी तीन तासांहून अधिक जात नाही, असा वीज कार्यालयाचा दाखला हवा. लाइनचा भरवसा किती, हे ठरवणे अभियंता बाईंचे काम. आणि दाखल्यावर सही त्यांचीच.

सकाळी त्या वहिनीच्या गल्लीत आठ घरे फिरून आल्या होत्या. आठही घरांत एकच उत्तर: वीज जातच नाही. एका घरात फ्रिजवर मनगटाएवढी जाड, अर्धी जळलेली मेणबत्ती होती.

"ही कशाला?" त्यांनी विचारले होते.

"धाकटीच्या वाढदिवसाची," घरमालक म्हणाला होता, आणि त्याच्या बायकोने खिडकीबाहेर पाहिले होते.

खोटे कोण बोलत होते? यंत्र, आठ घरे आणि एक बायको एका बाजूला. दुसऱ्या बाजूला एकटा, चिडका, निवृत्तीला आलेला माणूस. आकड्यांचे पारडे स्पष्ट झुकत होते, तरी त्यांचे मन त्याबरोबर झुकायला तयार नव्हते. दाट धुक्यात दोन्हीकडून हाक यावी आणि दोन्ही आवाज ओळखीचे वाटावेत, तसे त्यांना झाले होते.

"भाऊजी," वहिनीने मध्येच विचारले, "तुमच्या वहीत सगळ्यात जास्त वेळ किती गेली म्हणता?"

"तीन तास दहा मिनिटं. एका दमात."

"आणि व्हेंटिलेटरच्या पोटातली बॅटरी किती टिकते हो, मॅडम?"

"अर्धा तास. फार तर."

वहिनीने मान हलवली. शिवताना माप तोंडपाठ करावे तसे तिचे ओठ क्षणभर हलले. बिचारी, अभियंता बाईंच्या मनात आले, किती प्रकारची भीती घेऊन बसली आहे.

यंत्रचालक एकदम मऊ झाला. "वहिनी, माझा मित्र आहे तो. त्याच्या उशाशी बसणाऱ्या तुम्हाला हे आकडे नकोसे वाटणार, कळतं मला. पण वही मी बदलणार नाही. उद्या काही झालं तर मी कुठे तोंड लपवू?"

अभियंता बाई उठून नोंदयंत्रापाशी गेल्या. तीन वर्षांपूर्वी ते त्यांनीच इथे बसवून घेतले होते. वर्षापूर्वी बरोबर लावलेले त्याचे घड्याळ काचेआड चालू होते. त्यांनी त्यावरची तारीख-वेळ वाचली, मग आपल्या मनगटाकडे पाहिले, मग पुन्हा काचेकडे. यंत्र एक दिवस आणि दोन तास मागे होते.

त्यांनी खाली वाकून वायरचा माग काढला. ती ज्या सॉकेटमध्ये शिरत होती, त्याला वीज मिळत होती त्याच लाइनवरून. वीज गेली की यंत्र घड्याळासकट मरत होते. आली की जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुढची रेघ ओढत होते. अंधार मोजायला ठेवलेला पहारेकरी अंधारातच झोपत होता, आणि ते सॉकेट त्यांनीच दाखवले होते.

"वहीतली बेरीज सांगा," त्या म्हणाल्या.

"सव्वीस तास, चार मिनिटं."

अभियंता बाई खुर्चीत बसल्या. "ताई, चूक माझी आहे. पण आठ घरं?"

"मीच सांगितलं होतं तसं बोलायला." वहिनीने नजर चुकवली नाही. "घरोघरी जाऊन. पाया पडून."

"माणूस घरी यावा म्हणून."

"घरी यावा म्हणून."

यंत्रचालकाने डोळे पुसले. अभियंता बाईंचा आवाज हलका झाला. "मग ऐका. दाखला मी देऊ शकत नाही. पण तो लागणारच नाही. गेल्याच महिन्यात नियम आलाय. कामावर जायबंदी झालेल्या माणसाच्या घरी कार्यालय स्वतःच्या खर्चाने मोठी बॅटरी बसवतं. चौदा तासांची. ती असली की डॉक्टर दाखला मागत नाहीत. परवा माणसं पाठवते, आठवड्याभरात ते घरी."

"चौदा तास?"

"चौदा. तोवर आम्ही वीज आणतोच."

"म्हणजे वीज गेली तरी व्हेंटिलेटर बंद पडणार नाही."

"कधीच नाही."

वहिनीचे ओठ पुन्हा माप घेतल्यासारखे हलले: अर्धा तास, तीन तास दहा, चौदा. ती हळूहळू उठली. पदर खांद्यावर सारखा केला.

"मग राहू द्या, मॅडम."

"बॅटरी? अहो, फुकट आहे."

"बॅटरी नाही. घरी आणायचं राहू द्या."

"पण का?" अभियंता बाईंनी विचारले, आणि तोवर वहिनी उंबरा ओलांडून, मागे न पाहता, फाटकाकडे चालू लागली होती.