आतला कॅमेरा

ड्रायव्हरची गाडी पुन्हा सगळ्यात आधी उडाली. पडदा काळा झाला. प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

ते खोकणं त्याच्या लक्षात राहिलं.

बस डेपोच्या जुन्या विश्रांतीच्या खोलीत निवृत्त लोकांसाठी संगणक मांडले होते. रविवारी सकाळी तिथे गाड्यांच्या लढाईचा खेळ चाले. आपली गाडी घ्यायची, हवी तशी रंगवायची, वर तोफ बसवायची आणि समोर खेळणाऱ्या दुसऱ्या डेपोच्या गाड्या उडवायच्या. ड्रायव्हरने अर्थातच बस घेतली होती. खरं तर ती बायकोने घेतली होती. त्याला संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं. खातं उघडण्यापासून सगळी मांडामांड तिनेच केली आणि तयार गाडी त्याच्या हातात दिली. पुढे थोड्याच महिन्यांत ती गेली. आता रविवार सोडला तर त्याला घराबाहेर पडायला कारण उरलं नव्हतं.

खेळात बघायच्या दोन तऱ्हा होत्या. आतल्या कॅमेऱ्यात समोर काच, वायपर आणि स्टिअरिंग दिसे. बाहेरचा कॅमेरा गाडीच्या मागे, थोडा वर असे. त्यात आपलीच गाडी अख्खी दिसे आणि पलीकडचंही बरंच काही. सगळे बाहेरचा लावत. ड्रायव्हर आतलाच.

"आपल्याच गाडीमागे उडत उडत गाडी चालवायची? मी ड्रायव्हर आहे, घार नाही," तो म्हणायचा.

जन्म केबिनमध्ये गेलेला माणूस. तो कामाला निघाला की बायको दारातून "हळू चालवा हो" म्हणायची. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर असायचं, अगं, बस आहे ती, रॉकेट नाही.

डेपोचा संघ निवडायचं काम फोरमनकडे होतं. तो ड्रायव्हरच्या खुर्चीपाशी आला. पुढच्या रविवारी अंतिम सामना होता.

"तुमच्यापायी दोन गाड्या जातात. आधी तुम्ही, मागोमाग कंडक्टर. मी त्याच्या शब्दाखातर गप्प आहे. पण पुढच्या रविवारीही असंच झालं, तर तुमची जागा दुसऱ्याला द्यावी लागेल."

कंडक्टरचा शब्द? कसला शब्द? ड्रायव्हरने विचारलं नाही, पण कुठेतरी पाणी मुरतंय हे त्याला कळलं. कंडक्टर त्याचा जुना जोडीदार. अर्धा जन्म एकाच बसवर काढलेला. खेळातही त्याचा पाण्याचा टँकर ड्रायव्हरच्या मागे चिकटलेला असे. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, तो मागेच. ड्रायव्हरवर गोळा समोरून यायचा, नाहीतर बाजूने. मागून कधीच नाही. कारण मागे कंडक्टर असायचा. मग कुठेही लपलं तरी आपण कुठे आहोत हे समोरच्यांना सांगणारा दुसरा कोण असणार?

त्याच सकाळी सरावाचा आणखी एक डाव होता. ड्रायव्हरने सापळा लावला. पडक्या गिरणीच्या भिंतीआड थांबणार, हे त्याने फक्त कंडक्टरच्या कानात सांगितलं. फोरमनलाही नाही. भिंत उंच होती. आत बसून त्याला पलीकडचं काही दिसत नव्हतं, म्हणजे पलीकडच्यांनाही तो दिसणार नव्हता.

गाडी उभी करून हात मोकळे करतोय तोच पडदा काळा झाला.

तो उठला आणि पार्टिशनला वळसा घालून गेला. त्याला बघताच कंडक्टर घाईघाईने उभा राहिला आणि पाठीने पडदा झाकला.

"काय लपवतोस?"

"कुठे काय. डोळे दुखतायत, बंद करत होतो."

"बाहेरच्या कॅमेऱ्यात तुला असं काय दिसतं जे मी बघू नये?"

"तुला सवय आतली आहे. तू आतूनच खेळ," कंडक्टर म्हणाला.

खोलीतलं कुणी ड्रायव्हरकडे बघेना. फोरमनने काही बोलायला तोंड उघडलं, तर कंडक्टरने त्याला नुसत्या नजरेने गप्प केलं. ड्रायव्हरने तेही पाहिलं.

"तुझ्या घंटीवर गाडी सोडत आलो मी," तो म्हणाला. "कधी मागे वळून बघितलं नाही. आणि तूच घरभेदी निघालास."

कंडक्टरने खुर्चीवरची पिशवी उचलली, चष्मा डबीत ठेवला. दारात मात्र थांबला.

"माझ्या जागी मागे कोण राहील त्याला सांग, डावीकडून जास्त मारतात."

जाता जाता टोमणा, ड्रायव्हरला वाटलं. चोर तो चोर, वर शिरजोर.

अंतिम सामन्याला कंडक्टर आला नाही. ड्रायव्हरला हलकं वाटत होतं. बाकीचे त्याच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलले, पण बोलेनात का. आज चहाडी करणारं कुणी नव्हतं. त्याने बस झाडीत घातली, इंजिन बंद केलं आणि काचेतून समोरचा रस्ता न्याहाळत बसला. रस्ता रिकामा होता.

पहिला गोळा मागून आला.

बस हादरली. सावरतोय तोच दुसरा, तोही मागून, डावीकडून. मागून आजवर कधी आला नव्हता. म्हणजे घरभेदी अजून आतच होता, या खोलीतच. तिसऱ्या गोळ्याआधी एकदा मागे बघायलाच हवं होतं. पहिल्यांदाच त्याचं बोट कॅमेऱ्याच्या बटणावर गेलं.

पडद्यावरचं दृश्य मागे सरकलं, वर उचललं गेलं, आणि समोर त्याची बस दिसली. पिवळीधमक. टपावर एक उंच दांडी, गिरणीच्या भिंतीवरूनही सहज दिसेल एवढी, आणि तिच्या टोकावर उघडझाप करणारा लाल दिवा. मागच्या बाजूला, आत्ताच पडलेल्या दोन भोकांच्या मधोमध, मोठ्या पांढऱ्या अक्षरांत रंगवलं होतं: हळू चालवा हो.