जागं असल्याचा पुरावा

“कंपनीचं माणूस घरी आलं, तर चहा पाज आणि वाटंला लाव. मला काय ठाऊक न्हाई, एवढंच म्हण.”

परदेशातल्या बंदरातून, दुसऱ्याच्या फोनवरून गोरख एवढंच बोलला. आजूबाजूला माणसं असावीत. आवाज दबलेला होता. आरतीला तशातही राग आला. बी.एस्सी. झालेल्या बाईनं मला काय ठाऊक नाही म्हणायचं? नवरा तिकडं अडकलेला, आणि आपण इकडं तोंडाला कुलूप लावून बसायचं?

टक्कर होऊन तीन दिवस झाले होते. सकाळच्या दाट धुक्यात गोरखच्या मालवाहू जहाजानं एका युद्धनौकेला मधोमध धडक दिली. युद्धनौकेवरचे चार नौसैनिक बुडाले. जहाजाच्या वाटेत काय आहे, हे बघायची ड्यूटी त्या वेळी गोरखची होती. आता जहाज बंदरात अडकवून ठेवलं होतं, आणि त्याची चौकशी चालू होती. आणे गावात घरोघरी त्याच बातम्या लागल्या होत्या. आरती कुणाच्या दारात गेली की टीव्हीचा आवाज कमी व्हायचा.

चौथ्या दिवशी दुपारी आदेश आला. कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसचा, पण मूळचा घोडेगावचा. पायरीवर बूट काढून तो थेट आरतीच्या सासऱ्यांच्या, चांगदेवांच्या पाया पडला. दहा महिन्यांच्या समर्थला त्यानं मांडीवर घेतलं.

“वहिनी, नुसत्या चहावर भागवू नका. आण्यात येऊन आमटी न खाता गेलो, तर घोडेगाववाले मला वेशीतून आत घेणार न्हाईत.”

चांगदेव हसले. चार दिवसांत पहिल्यांदा. आरतीनं आमटीला फोडणी दिली, भाकरी थापल्या.

जेवता जेवता आदेश म्हणाला, “चौकशीत एकच गोष्ट आडवी येतीय, आबा. म्हणतात, गोरखभाऊ ड्यूटीवर झोपला व्हता.”

“झोपला?” चांगदेवांनी हातातला घास ताटात ठेवला. “पावणं, माझं पोरगं कांद्याला पाणी द्यायला चारला उठायचं. कधी हाक मारायला लागली न्हाई. म्हणणाऱ्याच्या तोंडात किडं पडू द्या!”

“मला पटतंय की. पण चौकशीला कागद लागतो. जागा व्हता, ह्याला पुरावा काय?”

आरतीनं हात पुसले आणि आतून फोन आणला. आबांनाही दाखवलं नव्हतं, ते तिनं दाखवलं.

टक्कर झाली त्या सकाळी सहा एकेचाळीसला तिनं गोरखला व्हिडिओ कॉल लावला होता. समर्थ पहिल्यांदाच काही न धरता उभा राहिला होता. एकोणीस मिनिटं कॉल चालला. मग एक मोठा आवाज झाला आणि चित्र गेलं. त्याच्या आधीचा एक स्क्रीनशॉट तिच्याकडे होता. गोरखचं हसू, त्याच्या मागं जहाजाची काच, काचेपलीकडं नुसतं पांढरं.

“बघा, डोळे टक्क उघडे आहेत,” ती म्हणाली. “मधेच म्हणाले, ठेवतो आता. मीच म्हटलं, थांबा ना, परत उभा राहतोय.”

आदेशचा हात ताटातच थांबला. मग त्यानं डाव्या हातानं फोन घेतला. वेळ पाहिली. फोटो पाहिला. कॉलच्या नोंदीचा फोटो काढला, आणि दोन्ही स्वतःच्या नंबरावर पाठवले.

“वहिनी, काम झालं बघा.”

त्या दिवशी आरती पोटभर जेवली.

आठवड्यानं कंपनीचा ईमेल आला. इंग्रजीत होता, पण आरतीला समजायला वेळ लागला नाही. पहाऱ्यावर असताना फोन वापरणं हा गोरखचा वैयक्तिक गुन्हा होता. कंपनीचा त्याच्याशी संबंध नव्हता. कंपनीनं त्याला दिलेला वकील काढून घेतला होता. खाली पुरावा म्हणून तोच स्क्रीनशॉट होता. कोपऱ्यातल्या चौकोनात समर्थ उभा होता, दोन्ही हात हवेत.

तिनं आदेशला फोन लावला.

“तुम्ही तर त्यांना सोडवायला पुरावा मागितलात.”

“सोडवायला, असं मी कुठं म्हणालो? जागा व्हता ह्याचा पुरावा मागितला. तुम्ही दिला. मला बी पोटापाण्याचं बघायला लागतं, वहिनी.”

त्यानं फोन ठेवला. गोरख झोपला होता, असं म्हणतात. कोण म्हणतं, हे त्या दुपारी आबांनी विचारलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं.

ईमेलला शेवटी चौकशीतला एक जबाब जोडला होता. ‘सलग सोळा तास कंपनीनं मला ड्यूटीवर ठेवलं होतं. मला झोप लागली. फोन माझ्या केबिनमध्ये होता. मी कुणाशीही बोलत नव्हतो.’ खाली सही गोरखची होती.

सोळा तास खरे होते. झोप तेवढी खोटी होती. दमून झोपलेल्या माणसाचा दोष त्याला राबवणाऱ्या कंपनीवर गेला असता. आणि त्या एकोणीस मिनिटांचा ठपका आण्यातल्या या घरापर्यंत कधीच आला नसता.

गोरखचा फोन आता कुठूनच येत नव्हता. जहाजावरच्या माणसांच्या घरच्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. आरतीनं त्यावर त्या बंदराचं नाव टाकलं आणि खाली लिहिलं:

‘तुमचं कुणी त्या बंदराला लागणार असेल, तर आण्याच्या गोरखना एकदा बघून या. जेवतात का बघा. बोलले नाहीत तरी थोडा वेळ शेजारी बसा, एकटं सोडू नका. ते विचारतील, कंपनीला हे कुणी सांगितलं. माझं नाव सांगा.’