दादाची हजामत

अधिकाऱ्याने बॅग उघडली तेव्हा सगळ्यात वर कात्र्याच होत्या. तीन. त्यांच्याखाली वस्तरा, कंगवे, साबणाचा ब्रश आणि घडी घातलेलं पांढरं कापड.

समोर सलूनवाले काका बसले होते. परदेशातल्या विमानतळावरची ही मागची खोली त्यांच्या ओळखीची होती. चौदा महिन्यांपूर्वी ते इथेच अकरा तास बसले होते. "कशासाठी आलात?" या प्रश्नाला तेव्हा त्यांनी सरळ उत्तर दिलं होतं, "दादाची हजामत करायला." बॅगेत अवजारं आणि तोंडात हजामत, म्हणजे माणूस परवान्याशिवाय धंदा करायला आलाय, असा अर्थ निघाला. आल्या पावली त्यांना परतीच्या विमानात बसवण्यात आलं. काकांचा थोरला भाऊ इथून चाळीस मिनिटांवर, म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषागृहात होता. अर्धांगवायूने त्याची उजवी बाजू गेली होती.

पुन्हा अर्ज भरताना 'याआधी कधी प्रवेश नाकारला होता का?' या ओळीपुढे काकांनी 'हो' लिहिलं, तेव्हा मुलीने हात धरला होता. "बाबा, कशाला आपणहून पायावर धोंडा पाडून घेताय? फिरायला जातोय म्हणा, आणि ती अवजारं घरी राहू द्या."

"ताकाला जाऊन भांडं लपवायचं मला जमत नाही गं," काका म्हणाले होते.

अर्ज दोनदा फेटाळला गेला. तिसऱ्यांदा व्हिसा मिळाला. बॅग भरताना कात्र्या त्यांनी मुद्दाम वर ठेवल्या, कुणाला शोधायला लागू नयेत म्हणून.

अधिकाऱ्याने टेबलावरचा फोन लावला. पलीकडून दुभाषी बाईंचा आवाज आला. "बोला काका. तुमचं बोलणं मी साहेबांना सांगेन."

"बाई, मी म्हणेन तेवढंच सांगा. पदरचं घालू नका आणि गाळूही नका."

"तसंच करते."

अधिकारी कागद चाळत राहिला. शुश्रूषागृहाचं पत्र त्याने दोनदा वाचलं. मग एकेक प्रश्न येऊ लागला.

"साहेब विचारतायत, मागच्या वेळी परत पाठवलं होतं. मग पुन्हा का आलात?"

"भाऊ अजून इथेच आहे म्हणून."

"साहेब म्हणतायत, शुश्रूषागृहात दर महिन्याला केस कापायला माणूस येतो. तुमचा भाऊ त्याच्याकडून कापून घेत नाही का?"

हो म्हणावं की नाही, यावर आपलं जाणं-न जाणं ठरेल, हे काकांना कळत होतं. तरी ते म्हणाले, "घेत असणार. न घेऊन करतो काय?"

"मग तुमची गरज काय, असं विचारतायत."

काकांनी टेबलाकडे पाहिलं. पन्नास वर्षं कात्री धरलेला अंगठा त्यांनी दुसऱ्या हाताने चोळला.

"गरज काही नाही, बाई. मी हे काम शिकायला लागलो तेव्हा माझ्या हाती डोकं द्यायला कुणी तयार होईना. दादा तेव्हा लग्नाचा होता. मुली सांगून येत होत्या. तो रोज संध्याकाळी माझ्यापुढे बसायचा. मी त्याचं डोकं उंदराने कुरतडल्यासारखं करून ठेवायचो. दोन महिने तो भर उन्हाळ्यात टोपी घालून हिंडला, पण बसायचं चुकवलं नाही. एक स्थळ तर त्यापायी हातचं गेलं. आता त्याचा हात उचलत नाही. म्हणून आलो."

 मग बाई तिकडच्या भाषेत बोलू लागल्या. सावकाश, एकही शब्द सांडू न देता. टोपीपाशी येताच अधिकाऱ्याचा हात नकळत स्वतःच्या केसांकडे गेला. त्याने तो खाली घेतला.

"शेवटचं विचारतायत, काका. आजही परत पाठवलं तर?"

"तर पुन्हा अर्ज करीन," काका म्हणाले. "आता फॉर्म भरायचा सराव झालाय मला."

अधिकाऱ्याने एक कात्री उचलली, पात्यावरची धार पाहिली, पुन्हा होती तशी ठेवली. बॅगेची चेन त्याने स्वतः लावली आणि पासपोर्टवर शिक्का मारला. तीस दिवस.

"साहेब म्हणतायत, या दिवसांत दुसऱ्या कुणाचेही केस कापायचे नाहीत."

"एकच डोकं आहे म्हणावं."

शुश्रूषागृहातल्या नर्सने त्यांना दुसऱ्या मजल्यावर नेलं. दादा चाकाच्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. मानेवर केस वाढले होते, आणि दाढी कुणीतरी घाईत, खालून वर ओढून केली होती. काकांनी खुर्ची हळूच उजेडाकडे वळवली. दादाने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. जीभ जड झाली होती, शब्द एकेक करून आले.

"किती... उशीर केलास रे."

काकांनी पांढरं कापड झटकलं, भावाच्या गळ्याशी गाठ मारली, आणि त्याची मान आपल्या हातावर अलगद टेकवून घेतली.

"काय करू दादा," ते म्हणाले, "पुढे बरेच नंबर होते."