डोळ्याच्या कडेची वीज

‘पलीकडची चाहूल’ या मालिकेत शर्वाणी शंकेखोर शास्त्रज्ञ होती. भुतं, उडत्या तबकड्या, वाटेतच नाहीशी झालेली माणसं. तिचा जोडीदार सगळ्यावर विश्वास ठेवायचा आणि ती एकेक गूढ खोडून काढायची. मालिकेवर जीव टाकणारे प्रेक्षक तिची वाक्यं पाठ म्हणत.

एकदा शूटिंगच्या मधल्या सुट्टीत कराडहून आईचा फोन आला. “अगं, हल्ली डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं होतं. मधेच काळे ठिपके तरंगतात.”

सेटवरचे लोक ऐकत होते. शर्वाणीने मालिकेतला करडा आवाज लावला. “बाई, प्रत्येक उजेडामागे साधं कारण असतं. चष्मा पुसा.”

सगळे हसले. आईही हसली आणि तिने तो विषय पुन्हा काढला नाही. पुढे डॉक्टरकडे नेलं, तेव्हा दोन्ही डोळ्यांचे पडदे सुटले होते. “ठिपके दिसले तेव्हाच यायला हवं होतं,” एवढंच डॉक्टर म्हणाले.

ती मालिका अजून रविवारी दुपारी पुन्हा दाखवतात. शर्वाणी कराडला जाते, आईशेजारी बसते आणि टीव्हीवर काय चाललंय ते तिला सांगत राहते.

“आणि तू कशी दिसतेस गं यात?” परवा आईने विचारलं.

शर्वाणीने टीव्हीकडे पाहिलं. हनुवटी वर करून ती एका घाबरलेल्या म्हातारीला समजावत होती.

“फार शहाणी दिसतेय, आई.”

आई कौतुकाने हसली.