हाडोळ्याची माती

आबासाहेब पाटलांनी नुसती मान हलवली आणि मेंढपाळ गोरक्षनं दीडशे मेंढरं बन्सीच्या हरभऱ्यात सोडली. घाटे टच्च भरले होते. बन्सी बांधावर हात जोडून ओरडत होता, "पाटील, पोराबाळांच्या तोंडचं हाय हे! माती मी हितलीच दिल्ती वो!" ऐकतो कोण? सगळं गाव बांधावर उभं. आणि गावाच्या मागं, टोपी सावरत, शेतकी खात्याचे विष्णुपंत. त्यांची मान खाली होती. ही आग त्यांनीच लावली होती.

स्वातंत्र्याचा झेंडा लागून पाच महिने झाले होते. काष्टीजवळच्या त्या गावात हरभऱ्यावर तीन वर्षं मर पडत होती. रोप वीतभर वाढायचं, पिवळं पडायचं, मान टाकायचं. उपटून चिरलं तर मूळ आतून काळंठिक्कर. बुरशीचा रोग, औषध काही नाही. फक्त बन्सीच्या महारवतनाच्या तुकड्यात, ज्याला गाव हाडोळा म्हणे, तिथं एक रोप मरत नव्हतं. गाव म्हणे, करणी आहे. पंतांनी मात्र खात्याच्या मासिकात वाचलं होतं, की काही मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते मुळाशी वस्ती करतात आणि बुरशीला जगू देत नाहीत. म्हणजे हाडोळ्याची माती जिवंत होती! ती बियाण्याला चोळली, की तेच जीव साऱ्या गावाच्या हरभऱ्याची राखण करणार. पंत लहान पोरासारखे हरखले.

"न्या की, सायेब," बन्सी म्हणाला. "माती दिल्यानं सरती व्हय?"

हरभऱ्याच्या जुन्या मुळांखालची माती त्यानं दोन गोण्या भरून, डोक्यावरून आणून पंतांच्या अंगणाबाहेर ठेवली. माती कुठली, हे गावाला सांगायचं नाही, असं दोघांत ठरलं. हाडोळ्याचं नाव निघतं तर कुणी बोट लावलं नसतं. पंतांनी फक्त बायकोच्या कानावर घातलं. "बन्सीच्या रानातली आहे. सावलीत ठेव, ओल मोडू देऊ नकोस," एवढं इंदूताईंना सांगून ते चार दिवस अकोल्याकडं फिरतीवर गेले. आल्यावर चौदा शेतकऱ्यांना माती वाटली. बियाण्याला कशी चोळायची ते स्वतः दाखवलं. जिवंत मातीवर तासभर व्याख्यानही दिलं.

आणि चौदाही वावरं मेली. एरवी निम्म्या रानातला गहू तरी हाती लागायचा. औंदा पंतांच्या शब्दावर लोकांनी गहू सोडून सगळीकडं हरभराच टाकला होता.

चावडीवर बोलावणं आलं. आबासाहेब म्हणाले, "पंत, माती कुठली हुती? खरं सांगा."

पंतांची पाचावर धारण बसली. खोटं त्यांना बोलायचं नव्हतंच. बन्सीनं चांगली माती दडवून भलतीच दिली, असं त्यांना मनापासून वाटत होतं. दुसरं कारणच दिसत नव्हतं ना! "बन्सीची होती," ते म्हणाले. "त्यानं मला फसवलं. आपली राखली आणि कुठली तरी भरून दिली."

"म्हंजी आमच्या बियान्याला हाडोळ्याची माती चोळली? वर त्यातबी लबाडी?" कुणीतरी ओरडलं. बस्स. पुढचं काम मेंढरांनी केलं.

पंत घरी आले तेव्हा दुपार टळली होती. इंदूताईंनी पाट मांडला, पान घेतलं. पंत धुमसतच बसले. "इतका विश्वास टाकला आणि हरामखोरानं भलतीच माती दिली!"

इंदूताईंचा भाताचा हात थांबला. "नाही हो, त्याच्या रानातलीच होती. हरभऱ्याची वाळकी मुळं होती की तिच्यात. भाजायच्या आधी मीच नाही का वेचून काढली?"

"भाजायच्या आधी?"

"मग! घरात घट बसलेले, आणि तुम्ही त्या मातीत हात घालणार. अग्नीला विटाळ नसतो. परसात चुलाण पेटवलं आणि काहिलीत घालून दोन दिवस भाजली. एक कण कच्चा ठेवला नाही. वर गोदेचं पाणी शिंपडलं, ओलही राहिली. तुम्ही पडलात सुधारक, रागवाल म्हणून बोलले नाही." कौतुकाच्या आशेनं त्या नवऱ्याकडं बघत होत्या.

पंत अर्ध्या पानावरून उठले. माती जिवंत आहे, हे चौदा शेतकऱ्यांना सांगून झालं होतं. घरात सांगायचं राहून गेलं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती त्यांनी.

तेवढ्यात अंगणाबाहेरून हाक आली. बन्सी उभा होता, धुळीनं माखलेला.

"सायेब, पीक तर गेलं. त्ये जाऊ द्या. पर लबाडीचा आळ न्हाई सोसत मला. उद्या तुमी सोता रानात या. तुमच्या हातानं माती भरा, पुन्यांदा पेरून बगा. आन् खरं निघालं तर गावाला येकदा सांगा, बन्सी लबाड न्हाई म्हनून. दुसरं काय मागत न्हाई मी."

एक वाक्य पुरलं असतं. पंतांनी तोंड उघडलंही. मग चावडी डोळ्यांपुढं आली, चौदा कुळांच्या शिव्या आल्या, साहेबाच्या टेबलावर जाणारा अर्ज आला. मागं दारात इंदूताई उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक.

"झालं ते झालं, बन्सी," पंत म्हणाले. "जा घरी. मी तुला माफ केलं."